पंच चांगला आहे

माझं लग्न एका शब्दावर ठरलं, आणि तो शब्द मी भलत्याच माणसाबद्दल बोलले होते. ही गोष्ट पन्नास वर्षं माझ्या पोटात होती. या वर्षी एका रविवारी ती बाहेर आली, आणि आमच्या ह्यांनी माझ्याशी तीन दिवस अबोला धरला. दोष सगळा त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा. ती कुठे भेटली तर माझ्यातर्फे एक चापट द्या.

ती मुलगी कल्याणला राहायची, दोन वेण्या घालायची आणि आपल्याला सगळं कळतं अशा थाटात वावरायची. शाळेत खो-खो खेळलेली, म्हणजे खेळांतलंही कळतंच. तिला बघायला ठाण्याहून एक मुलगा आला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होता. वडिलांनी त्याचा पगार विचारला, त्याच्या आईनं माझं भरतकाम उलटं करून मागचे टाके तपासले. आमच्या मोठ्या आत्याबाई दाराशी पाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. शेवटी कुणीतरी मुलाला म्हणालं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. त्यानं शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राचं जुनं कात्रण काढलं, उलगडलं आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

फोटोत दोन पुरुष होते. दोघेही चड्डीवर, घामानं निथळत, एकमेकांना बडवत होते. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. उघड्याबंब पुरुषांकडे टक लावून बघणाऱ्या मुलीला कोण पसंत करणार? सुदैवानं त्या दोघांच्या मागे तिसरा एक जण उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, गळ्याला बो, पँटला कडक इस्त्री. मी जीव मुठीत धरून त्याच्याकडेच बघत राहिले.

"यात तुम्हाला काय आवडलं?" मुलानं विचारलं.

खो-खोच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहतो, त्याला आम्ही पंच म्हणायचो. मी मान खाली घालून म्हणाले, "पंच चांगला आहे."

मुलाचा चेहरा असा काही उजळला, की आत्याबाईंनी तिथल्या तिथे आतून साखर आणायला सांगितली.

आता गंमत अशी, की ह्यांच्या कारखान्यात मुष्टियुद्धाचा क्लब होता आणि तिथे सगळे इंग्रजी शब्द वापरत. शिट्टीवाल्याला रेफरी म्हणत आणि ठोशाला पंच. फोटोतल्या ब्राझीलच्या गड्यानं समोरच्याच्या जबड्याखाली जो ठोसा लगावला होता, तो कल्याणच्या एका मुलीनं एका नजरेत हेरला, असं ह्यांना वाटलं. हे मला कळलं लग्नानंतर चार महिन्यांनी. तोवर ह्यांनी ती हकीकत अख्ख्या कारखान्याला सांगून टाकली होती.

त्याआधी, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, माझी वेगळी फजिती झाली. ह्यांचा माजिवड्याचा मित्र घरी आला. हा मूळचा कोकणातला, क्लबात ह्यांच्याच वजनाचा. मी आत चहा टाकत होते आणि बाहेरून ऐकू आलं, "अरे पण कोंबड्यात सगळ्यात भारी कोण, ते सांग ना." आमचं सासर माळकरी. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. मी धावत जाऊन सासूबाईंच्या कानात सांगितलं, की बाहेर कोंबड्याचा बेत शिजतोय. सासूबाई लाटणं घेऊन बाहेर गेल्या. मग कळलं, की बॅन्टमवेट नावाचा एक वजनी गट असतो, बॅन्टम म्हणजे ठेंगणा कोंबडा, म्हणून कारखान्यातली पोरं त्याला कोंबडा गट म्हणतात. सासूबाई परत आत आल्या आणि ते लाटणं त्यांनी माझ्या हातात दिलं. पुढे आठ दिवस पोळ्या मी एकटीनं लाटल्या.

त्या दोघांचा वाद मात्र तेव्हापासून आजपर्यंत संपलेला नाही. कोंबडा गटात आजवर सर्वांत थोर कोण? ह्यांचं म्हणणं, ब्राझीलवाला. मित्राचं म्हणणं, मेक्सिकोवाला. ब्राझीलवाला शाकाहारी होता म्हणे. ह्यांच्या निष्ठेचं निम्मं कारण ते असावं असा मला संशय आहे.

"वरणभातावर जग जिंकलं त्यानं," हे म्हणायचे.

"आणि जपान्याकडून दोनदा हरला," मित्र म्हणायचा. "एकदा ठीक आहे रे, माणसाचं पोट बिघडतं. दोनदा? त्याच माणसाकडून? बांगडा खाल्ला असता तर नसता हरला."

"तुझा मेक्सिकोवाला सरावाला दांड्या मारायचा."

"मारणारच. ज्याचा डावा हात तसा पडतो, त्यानं सराव कशाला करायचा?"

आणि अडलं, की दोघंही स्वयंपाकघराकडे तोंड करायचे. "वहिनी, तुम्ही सांगा."

कारण वहिनी म्हणजे जाणकार. वहिनींनी फोटोवरून पंच ओळखला होता. आणि वहिनी, म्हणजे ती शहाणी मुलगी, पदराला हात पुसत बाहेर येऊन गंभीरपणे म्हणायची, "पंच बघा. शेवटी सगळं पंचावर असतं." हे वाक्य इतकं सोयीचं होतं, की ह्यांना वाटायचं मी ब्राझीलच्या बाजूनं बोलले आणि मित्राला वाटायचं मेक्सिकोच्या. दोघं खूश. या एका वाक्यावर मी दोन मुलं वाढवली, डोंबिवलीत घर घेतलं आणि सून आणली.

खरं का नाही सांगितलं? चार महिन्यांनी कळलं तेव्हाच सांगायचं होतं. पण हे कुणालाही माझी ओळख करून देताना "हिनं पंच ओळखला" असंच करून द्यायचे. स्वयंपाकाचं कौतुक नाही, रूपाचा तर विषयच नको. ह्यांना माझ्यात आवडलेली ती पहिली गोष्ट, आणि मला बरीच वर्षं वाटायचं, की तेवढीच. तीही माझी नव्हती. ती काढून घेतली तर उरतं काय, ही भीती होती. हसू नका. तेव्हा दोन वेण्या होत्या, आता एक शेपटी आहे, पण भीती तेवढीच जाड.

यंदा घात केला नातीनं. चौदा वर्षांची आहे, गेल्या वर्षापासून बॉक्सिंगच्या क्लासला जाते, आणि आजोबांच्या वादाचा निकाल लावायचाच असं तिनं ठरवलं. रविवारी मित्र आले. शीळफाट्याच्या ट्रॅफिकला नेहमीप्रमाणे अर्धा तास शिव्या घालून झाल्या. मग नातीनं मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला.

"आजी जज," ती म्हणाली. "दोघांच्या जुन्या मॅच मला सापडल्यात. तू दहापैकी मार्क द्यायचे आणि रीझन सांगायचं. 'पंच बघा' चालणार नाही."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "अगं सांग तू. मी काही बोलणार नाही." आणि हे खुर्ची पुढे ओढून बसले, आपला ब्राझीलवाला जिंकणारच अशा तोऱ्यात.

"पहिली कात्रणातलीच मॅच लावते," नात म्हणाली. "आजी, तू फोटोत ओळखलेलास ना, तो पंच आला की थांब म्हण. मी पॉज करते."

चित्र काळंपांढरं होतं, आवाज नव्हता. डोळ्यांसमोर दोन माणसं सुपात पाखडल्यासारखी हात चालवत होती आणि त्यातला कुठला हात थोर, हे मला आजही सांगता येत नाही. मी काहीही सांगून वेळ मारून नेली असती. तशी सवय आहे. पण तेवढ्यात तो आला. पांढरा शर्ट, बो, तीच इस्त्री. पन्नास वर्षं मी त्याला कात्रणात एका जागी उभा बघितला होता आणि आता तो चक्क चालत होता. हलका, चपळ, दोघांच्या मधून वाट काढत. मला इतका आनंद झाला, की तोंडातून निघून गेलं, "थांब. हाच तो पंच."

नातीनं चित्र थांबवलं. ती बघत राहिली. "आजी, इथे कुठेय पंच? दोघं नुसते मिठी मारून उभे आहेत."

"हा काय," मी बोट ठेवलं. "पांढऱ्या शर्टातला."

"आजी, तो रेफ आहे."

मित्र आधी समजले. त्यांनी कप खाली ठेवला, कारण त्यांना हसताना सांडायची भीती वाटली असावी, तरी सांडलाच. "म्हणजे वहिनी," ते डोळे पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं मी मेक्सिकोवाल्यासाठी भांडतोय, हा ब्राझीलवाल्यासाठी भांडतोय, आणि तुम्ही रेफरीच्या पार्टीत?"

"उघडे होते हो ते दोघं," मी म्हणाले. "आत्याबाई बघत होत्या."

ह्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग तीन दिवस आमच्या घरात नात म्हणजे पोस्टमन. "तुझ्या आजीला सांग, आमटीत मीठ कमी आहे." "आजोबांना सांग, बीपीची गोळी घ्यायची राहिलीय." तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "तुम्ही दोघं ग्रुप बनवा ना, मी एक्झिट होते."

चौथ्या दिवशी मी भाजी निवडत होते. हे समोर येऊन बसले. "इतकी वर्षं मी वेगळ्याच बाईबरोबर संसार केला," हे म्हणाले.

मी विचारलं, "कशी होती ती?"

"तिला बॉक्सिंग कळायचं."

"स्वयंपाक?"

"तुझ्याइतकाच."

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले. मग ह्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं ते कात्रण काढलं आणि भिंग काढलं. "आणि तुझा हा पंच काही चांगला नाही," हे म्हणाले. "उभा कुठे आहे बघ. मागे. ठोसा लागला तो ह्याला दिसलासुद्धा नसेल."

आता ठोशांतलं मला कळत नाही. पण ह्या माणसाकडे मी जेवढं बघितलं आहे, तेवढं त्याच्या बायकोनंही बघितलं नसेल. "मागे आहे, कारण मधे आला असता तर लढत थांबली असती," मी म्हणाले. "रविवारी बघितलात ना, सोडवताना कसा शिरला मधे? दोघांनाही ढकललं नाही. आणि शर्टावर एक डाग नाही."

"शर्टाला मार्क नसतात."

"असायला हवेत. तिथे घाम आणि रक्त उडतंय, आणि हा माणूस कोरा. तुम्ही साधी पाणीपुरी खाऊन कोरे आलात कधी?"

हे खुर्चीत सरसावून बसले. "हे बघ, शर्टाचं सोड. गडी पडला की हा दहा कसे मोजतो, ते बोल," हे म्हणाले, आणि आम्ही भांडलो. मी पहिल्यांदाच खरं भांडले, कारण पहिल्यांदाच माझा स्वतःचा गडी रिंगणात होता. भाजी तशीच राहिली. दुपारी खिचडी झाली, तीही खाली लागली.

जेवण झाल्यावर ह्यांनी माजिवड्याला फोन लावला. "रविवारी ये. नवीन विषय आहे," हे म्हणाले. "अरे नाही, कोंबडा गटच. पण त्यातल्या रेफरींमध्ये थोर कोण? आणि ऐक, ही माझ्या विरुद्ध आहे. बाजू लावून धरते, सोपी नाही."

मी मागे उभी राहून ऐकत होते. ह्यांचा चेहरा तसाच उजळला होता, पोह्यांच्या बशीशेजारी उजळला होता तसा. आत्याबाई असत्या तर त्यांनी आतून साखर आणायला सांगितली असती. ह्यांना आता साखर चालत नाही, म्हणून मी गोळी दिली.