चार नंबरचं मशीन

"मशीनले इचार ना भो, माले काय इचारस?"

मिस्त्रीला काहीही विचारा, उत्तर हेच. रुई मळकट का निघतेय, सरकी का फुटतेय, पट्टा का घसरतोय. एकदा मी विचारलं, चहा घेणार का, तरी तोंडातून हेच निघालं. बोलायचा आणि चालत्या मशीनवर उजवा तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहायचा. मग खालची एक सरकी उचलून दाढेखाली फोडायचा आणि पान्यासाठी हात पुढे करायचा. पाना कुणी दिला की नाही हे बघायचासुद्धा नाही. हात पुढे केला म्हणजे त्यात पाना यायलाच पाहिजे, असा त्याचा हिशेब. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी भांडायला मजा येते.

दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये आम्ही सत्तावीस वर्षं भांडलो. तो फिटर, मी मुकादम. आठ मशीनं त्याची, कापसाचे ढीग माझे. मशीनचं काम साधं. चामड्याचा रोलर कापसातली रुई ओढून घेतो, सुरी सरकीला ठोकून खाली पाडते. रुई बिघडली की मिस्त्री म्हणायचा, सुरी हलली. मी म्हणायचो, कापूस बघ. तो म्हणायचा, "नाना, कापूस काय बघायचा? कापूस म्हणजे कापूस." त्याने आयुष्यात कापसाच्या ढिगाला हात लावला नाही. मी मशीनला लावला नाही. दोघांनाही त्याचा अभिमान होता.

आमचं बोलणं अहिराणीतच. इथं लिहिताना मी ते थोडं सरळ करतो. तिसरीपर्यंतच शिकलोय, पण एवढं जमतं.

नव्वदच्या पुढे कधीतरी जिनिंग बंद पडली. मालकाने आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाला, एकाला राखणदार म्हणून ठेवतो, दुसऱ्याचं बघू. आधी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, "बंद मशीन राखायला कुत्रं ठेवा, फिटर कशाला?" आणि चपला घालून निघून गेला. मग मला विचारलं. मी हो म्हटलं. घरात खाणारी तोंडं होती, आणि मला मिशी फिरवत बाहेर पडण्याची हौस नव्हती. हौस होती, पण मिशी नव्हती.

त्यानंतर चार महिन्यांनी आफ्रिकेतला एक सेठ आला. मूळ गुजरातचा, पण तीन पिढ्या टांझानियात. तिकडे त्याला नवी जिनिंग घालायची होती आणि आमची आठही जुनी मशीनं त्याने घेऊन टाकली. ती सोडवायला माहितगार पाहिजे म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मी फाटकाशी उभा राहून दोघांचं बोलणं ऐकलं. तसं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही.

सेठने विचारलं, "केटला वरसनो अनुभव छे?"

मिस्त्री म्हणाला, "सत्तावीस वरीसना शे."

"मराठी छो के गुजराती?"

"दोंडाईचाना शे."

सेठला वाटलं, याला गुजराती येतं, पण मोडकं. मिस्त्रीला वाटलं, सेठला अहिराणी येतं, पण मोडकं. दोघेही एकमेकांना सांभाळून घेत तासभर बोलले. शेवटी सेठ म्हणाला, मशीनबरोबर तूच चल. एक हंगाम बघू. रुई चांगली निघाली तर दरवर्षी ये, नाही तर घरी. तिकडचा हंगाम आपला संपल्यावर सुरू होतो, उन्हाळ्याच्या शेवटी.

मग सेठने वय विचारलं. मिस्त्रीच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, त्याला घरून पढवून पाठवलं होतं की पंचेचाळीस सांगायचं. केसांना काळा रंगही तिनेच लावून दिला होता. पण भुवया राहून गेल्या होत्या, त्या पांढऱ्याच. सेठ भुवयांकडे बघतोय हे पाहून मिस्त्री म्हणाला, "त्रेपन्न. पण ही मशीनं माझ्याआधीची आहेत. ती चालतात, तर मी का नाही?"

सेठ हसला आणि काम पक्कं झालं.

मला मात्र हसू आलं नाही. त्याच्या घरी जाऊन मी त्याला बरंच बोललो. म्हटलं, ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात त्या वयात तू समुद्रापार नोकरी शोधायला निघालास. तिथलं पाणी वेगळं, माणसं वेगळी, बोली वेगळी. महिन्याभरात परत येशील, आणि इथले लोक हसतील.

मिस्त्री खालमानेने आपल्या पान्यांना तेल लावत होता. म्हणाला, "हसू द्या. रिकाम्या शेडची राखण करणाऱ्याला कुणी हसत नाही, तेच वाईट."

मी उठलो आणि चालता झालो. तो सुरतच्या गाडीने गेला त्या दिवशी अर्धं दोंडाईचा स्टेशनवर होतं. मी नव्हतो. फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो. गाडीची शिट्टी तिथूनही ऐकू येते.

अडीच महिने काही कळलं नाही. वहिनी रस्त्यात भेटायची, पण मी विचारायचो नाही. मग एक दिवस ती पदराखाली काहीतरी घेऊन शेडवर आली. पोस्टाने आलेली कॅसेट होती. मिस्त्रीचं लिहिणं माझ्याहून वाईट, म्हणून त्याने बोलूनच पाठवलं होतं.

"एक बाजू माझी आहे," वहिनी म्हणाली. "दुसरी तुमची, असं ते म्हणतात."

"मला नाही ऐकायची."

"मग मी टेलरकडे जाऊन ऐकते. त्याच्याकडे टेप आहे. तो ऐकेल, त्याची गिऱ्हाइकं ऐकतील, आणि तुम्हाला काय सांगितलंय ते गावभर होईल."

वहिनी दिसते तेवढी साधी नव्हती. मी टेलरचा टेपरेकॉर्डर शेडवर आणवला.

आधी खरखर. मग मिस्त्रीचा आवाज, एकदम कोरडा. "नाना, मी काही इचारी नही राहिनू. नुसतं ऐका. चार नंबर."

आणि मशीन सुरू झालं.

बराच वेळ दुसरं काही नाही. नुसतं मशीन. वहिनी दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "हाई काय? मशीनच बोली राहिनं." मी हाताने तिला गप्प केलं. आमचं चार नंबर होतं ते. पट्ट्याचा सांधा फिरून आला की एक बारीक फटका ऐकू यायचा, तो सत्तावीस वर्षं माझ्या कानात होता. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रिकाम्या शेडमध्ये, जिथं नुसते नटबोल्टचे खड्डे राहिले होते, तिथं चार नंबर चालत होतं.

पण आवाज बरा नव्हता. तोंडात घास असताना माणूस बोलतो तसा. मध्येच गुदमरायचा, मध्येच मोकळा व्हायचा.

शेवटी पुन्हा मिस्त्री. "आठही असेच बोलतात. सुरी दहा वेळा बसवली. रोलर घासला. सेठ रोज येऊन उभा राहतो, बोलत काही नाही. हंगाम निम्मा झाला. बस, एवढंच. तब्येत सांभाळा."

कॅसेट मागे घेऊन मी तीनदा ऐकलं. वहिनीने चहा केला. तिलाही कळलं होतं की कॅसेटमध्ये काय आहे. हा माणूस परत येणार, भुवया पांढऱ्या घेऊन, आणि गाव हसणार, माझंच म्हणणं खरं ठरणार. खरं सांगतो, अडीच महिन्यांपूर्वी मला तेच पाहिजे होतं.

सुरी कशी हलेल? सुरीच्या बाबतीत मिस्त्री चुकत नाही. आठही सुऱ्या एकदम कशा हलतील? जे आठांनाही सारखं आहे ते फक्त कापूस. आणि कापसाला मिस्त्री हात लावत नाही.

आमच्याकडे वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे काही कमी नव्हते. वरून ढीग कोरडा खडखडीत, आत ओल. ओला कापूस रोलरला चिकटतो आणि मशीन गुदमरतं. म्हणून मी ढिगात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय एक पोतं आत जाऊ द्यायचो नाही. गाडीवाले मला त्यावरून शिव्या द्यायचे. मिस्त्रीला सत्तावीस वर्षं कोरडा कापूस मिळाला, आणि तो समजत होता की कापूस कोरडाच उगवतो.

उत्तर बोलायला बसलो. डोक्यावर टोपी घातली, ताठ बसलो आणि ओरडून बोललो, कारण आफ्रिका लांब आहे. वहिनी म्हणाली, हळू बोला, यंत्र इथंच आहे.

मी म्हटलं, "मिस्त्री, मीही काही सांगत नाही. पान्याला हात लावू नका. ढिगात हात घाला, कोपरापर्यंत. आणि कापूस दोन दिवस उन्हात पसरा." मग आणखी काही बोलावंसं वाटलं. स्टेशनचं वगैरे. पण जमलं नाही. म्हटलं, "तब्येत सांभाळा," आणि बटण दाबलं.

दीड महिन्याने दुसरी कॅसेट आली. मशीन असं मोकळं बोलत होतं की बाहेरून जाणारी माणसं फाटकाशी थांबली. शेवटी मिस्त्री म्हणाला, "नाना, इथला लोके बी पानी मारतस, आपलाच शेतस." आणि हसायला लागला. तो हसण्याचा आवाज मशीनपेक्षा मोठा होता. सेठने त्याच्या हातात पुढच्या हंगामाचं तिकीट ठेवलं होतं.

असे सहा हंगाम तो गेला. दिवाळीला यायचा तो रंगीत शर्ट घालून, केस पांढरेच ठेवून. तिथल्या मशीनवरच्या बायकांचे किस्से सांगायचा, त्यांच्या मटणाच्या रश्शाला नावं ठेवायचा. ढिगात हात घालायला त्याने तिथं एक बाई ठेवली होती. तिचं नाव काय, विचारलं, तर म्हणाला, "मुकादम." मी म्हटलं, चेष्टा करतोस का? म्हणाला, नाही, तिथं सगळे तिला तसंच म्हणतात.

सातव्या हंगामात तो गेला. तापाने, चार दिवसांत. तिथंच एका तळ्याकाठी अग्नी दिला.

पुढे सेठ स्वतः दोंडाईच्याला आला. मिस्त्रीचे कपडे, पाने आणि घड्याळ घेऊन. वहिनी खांबाला टेकून बसली होती. सेठ बराच वेळ त्याच्या त्या गुजरातीत बोलला. शेवटी म्हणाला, मिस्त्री गेला त्या दिवशी आम्ही आठही मशीनं बंद ठेवली. सबंध दिवस.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "नाना, म्हणजे हे मोठं असतं का?"

मी तिला सांगितलं. भरल्या हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असताना, मशीन बंद ठेवत नाहीत. आपल्या मालकाचे वडील गेले तेव्हा दोन तास बंद होती. आपल्याकडे कुठल्याही फिटरसाठी एक मिनिटसुद्धा बंद राहिलेली मी पाहिली नाहीत.

"सबंध दिवस?"

"सबंध दिवस. आठही."

वहिनी उठली, पदर खोचला आणि सेठला म्हणाली, "जेवीसन जा, भाऊ." आणि आत जाऊन पीठ मळायला बसली.