शेजारच्या खुर्चीतली बाई

त्या बाईला तिसऱ्याच सलाइनला गुण आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

जामबागेतल्या एका दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा शेजारी शेजारी बसायचो, मध्ये हिरवा पडदा. नैराश्यावरच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या माझ्यावर वाया गेल्या होत्या, तिच्यावर चार. म्हणून आता केटामाइन. भूल देतात ते औषध, पण अगदी थोडं, चाळीस मिनिटं थेंबथेंब शिरेत. शहरात तेव्हा रोज काहीतरी नवं येत होतं, नव्या कंपन्या, नव्या नोकऱ्या. आम्ही नवराबायको त्यातल्याच दोन धरून पुण्याहून आलो होतो. हा उपचारही तसाच नवा. मी संगणकातली, चार लेख वाचून आलेली. ती दिलसुखनगरची, साड्यांच्या दुकानातली. गुण आधी मलाच यायला हवा होता, असं मला वाटायचं. कशाच्या जोरावर, ते विचारू नका.

पहिल्या दिवशी ती गाऊनवर ओढणी घेऊन आली होती. तिसऱ्या सलाइननंतर केसांत गजरा. पडदा सारून मला म्हणाली, "मेरेकू तो अब भूक लगरी. आपकू?"

"हौ, लगरी," मी म्हणाले. सकाळपासून पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं.

सुई टोचण्याआधी दर वेळी एक कागद भरावा लागे. नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकटी, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. कागद इंग्रजीत, म्हणून नर्स तिला तो तेलुगूत मोठ्यानं वाचून दाखवायची. तिची उत्तरं मला पडद्याआडून ऐकू यायची. 'लेदु' म्हणजे नाही, एवढं तेलुगू मला येत होतं. चौथ्या खेपेला तिनं नऊच्या नऊ वेळा 'लेदु' म्हटलं, तेही कसं, भाजीवालीला नको म्हणावं तितक्या सहज. माझा नुसता जळफळाट झाला. मी पेन उचललं आणि नऊही ठिकाणी 'कधीच नाही'वर खूण केली. शेवटच्या प्रश्नावरही. मेलेलं बरं असं मनात येतं का, असा तो प्रश्न होता. शाळेपासून कधी कुणाच्या पेपरात डोकावले नव्हते; पहिली कॉपी केली ती ही.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. त्या दिवशीचं सलाइन दिलं, सहापैकी उरलेली दोन पुढे ढकलली आणि महिन्यानं यायला सांगितलं. नवरा प्रत्येक खेपेला बाहेर बाकावर बसून असायचा. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं जिन्यातच थांबून मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. दोन वर्षं मी नुसती कुशीवर वळले तरी त्याला जाग यायची. त्या आठवड्यापासून तो झोपायला लागला.

दहाएक दिवसांनी, एका रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात भांडी पुसताना तो शेवटचा प्रश्न मनात आला, आणि या वेळी त्याचं उत्तर हो होतं. मी घाबरले. खूप घाबरले. डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, पडद्यापलीकडची ती, तिचे लेदु, माझ्या खोट्या खुणा. आता रागावतील असं वाटलं.

"घर में कौन है?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पती हैं. सो रहे हैं."

"उनको उठाइए. अभी. मैं फोन पर हूँ."

तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला होता. तोंड उघडं, एक हात पसरलेला. माझ्यावर विश्वास ठेवून तो असा निवांत झोपला होता. आणि मेलं, त्या झोपेचाही मला हेवा वाटला. फोन कानाला तसाच धरून मी त्याच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ ना," मी म्हणाले. "मी खोटं लिहिलं होतं."