ठासून भरलेलं मीठ

विजेशिवाय दूध गार ठेवणारी नळी केली राहतने, आणि पेटंटच्या अर्जावर नावं लागली बिराजदार सरांची आणि त्यांच्या जावयाची. सोलापूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती सरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून नोकरीला होती. विचारायला गेली तर सर म्हणाले, "तुला पुढं खूप आयुष्य पडलंय."

राहतने नोकरी सोडली आणि विजापूर वेशीजवळ वडिलांच्या फ्रीजदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसली. "जाने दे बेटा," वडील, मौलाभाई, म्हणाले. तिने जाऊ दिलं नाही.

त्या पोलादी नळीच्या एका टोकाला अमोनिया वायू शोषणारं मीठ असे. दिवसा उन्हाने मीठ तापलं की वायू सुटून दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथं त्याचा द्रव होई. ऊन उतरलं की गार झालेलं मीठ वायू परत ओढून घेई; द्रवाची वाफ होताना ते टोक बर्फासारखं थंड पडे. तिथं संध्याकाळच्या दुधाचे कॅन ठेवायचे. अडचण एकच होती. वायू पिऊन मीठ फुगतं. ठासून भरलं तर सुरुवातीला उष्णता झपाट्याने पोचते, पण पुढं त्याचा दगड होतो आणि वायूला वाटच राहत नाही. म्हणून राहत मधोमध जाळीची पोकळी सोडायची.

सरांनी अक्कलकोट तालुक्यातल्या एका दूध केंद्रावर मोठी नळी बसवायला घेतली आणि राहतला बघायला बोलावलं. ती गेली. नळी अजून बंद केलेली नव्हती. आत काठोकाठ मीठ, पोकळी नाही.

"जाळी काढून टाकली," सर म्हणाले. "चाचणीचे आकडे बघ, तुझ्यापेक्षा चांगले."

"छान आलेत, सर."

परतीच्या एसटीत तिला हसू आवरत नव्हतं.

मे महिन्यात दूध संघाचे वरिष्ठ अधिकारी पाहणीला आले आणि त्याच सकाळी सगळे कॅन नासलेले निघाले. सरांचा प्रकल्प बंद पडला. राहत मुद्दाम ते बघायला गेली. केंद्रावर रोज दूध घालणारी केराबाई कॅन घासत होती.

"तुमीच आला हुता की नळी बगायला. तवा कळलं न्हाय व्हय?"

"कळलं होतं."

केराबाईने घासणी खाली ठेवली. "त्यांच्यावर राग हुता तर त्यांचं काय तरी नासवायचं. दूद आमचं हुतं."

 पुढच्या आठवड्यात राहत हत्यारं घेऊन आली, वायू काढून दगड झालेलं मीठ फोडलं, जाळी बसवली, नव्याने मीठ भरून नळीचं तोंड वेल्डिंगने कायमचं बंद केलं आणि झडपेतून वायू परत भरला. दूध टिकायला लागलं.

ते ऐकून सर गाडी घेऊन केंद्रावर आले. नळीवरून हात फिरवत म्हणाले, "जाळी परत घातलीस हे कळलं. पोकळी किती सोडलीस ते तरी सांग."

"कापून बघा, सर. आत अमोनिया आहे."

सरांनी हात मागे घेतला. ते गाडीत बसेपर्यंत राहत दारात उभी राहिली. गाडी वळणाआड गेल्यावर तिला फार दिवसांनी भूक लागली.