आजीनं घेतलेला पदर

आज कपाटात बाबांची, रंगात मिसळायच्या टर्पेंटाइनची बाटली सापडली. झाकण उघडलं आणि त्या वासानं मी थेट आमच्या जरीपटका वस्तीतल्या खोलीत पोचले.

फौजेतून निवृत्त झालेले बाबा आजोबांचं चित्र काढत होते. आजोबाही फौजी, बाबा पोटात असतानाच ते लढाईत मारले गेले. फोटो एकही नव्हता. आजी सांगेल तसा चेहरा बाबांनी रंगवला आणि चित्र तिच्यापुढे धरलं.

आजी चित्र बघू लागली.

"माय, सांग ना वं. बा असाच दिसे का?"

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"काहून वं आजी, पाहुणा आला का?" मी विचारलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पण नवऱ्यासमोर घेतलेला तो पदर मला तेव्हा कळला नाही.

बाबांना कळला. त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं आणि बापाला पहिला सॅल्यूट ठोकला.