कॅप्सूलचं टरफल

मित्रांनो, आज सकाळी मी मानपाड्यातल्या औषधाच्या दुकानात भांडायला गेलेलो. माझ्या वडिलांना, अप्पांना, फुप्फुसाचा जुना आजार आहे. महिनाभर कॅप्सूलची पूड मशीनने श्वासात ओढूनही चार पायऱ्यांत धाप लागते. माल बनावट असणार, असा माझा पक्का संशय.

दुकानदार म्हणाला, "काका, ते ओढतात कसे, एकदा तरी बघितलंत?"

बघितलं नव्हतं. घरी येऊन विचारलं, तर अप्पा कॅप्सूल फोडून पूड मधातून चाटत होते!

"टरफल जनावराच्या हाडाचं असतं म्हणे. मी माळकरी, तोंडाला कसं लावू?"

"अहो, टरफल मशीनमध्येच राहतं. चाटलेली पूड छातीत कशी पोचणार?"

"पण वारा त्याच्यातूनच येतो ना? श्वास विठ्ठलाने दिलाय रे, तो बाटवून कसा घेऊ?"

मीही रोज देवापुढे बसतो, म्हणून वाद न घालता डॉक्टरांची वेळ घेतली. मी दुकानदारावर संशय घेत राहिलो, अप्पा औषधावर. एकमेकांना मात्र महिनाभर कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारणार आहे. पण तुमच्या घरचे म्हातारे औषध नेमकं कसं घेतात, हे तुम्ही कधी समोर बसून पाहिलंय का?