एक मॅच जिंकलो की जातो

आमचा फुटबॉल क्लब जिंकत नसे. कधी तरी जिंकायचा, असंही नाही. नसेच जिंकत. अमरावतीत आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी स्वतःच काढलेला क्लब, जर्सी म्हणाल तर बनियनला हळद आणि चुना लावून केलेली, आणि खेळ म्हणाल तर रामराम. मी खेळत नव्हतो. मी काठावर उभा राहून ओरडायचो. उंटावरून शेळ्या हाकायचं काम मला छान जमायचं, आणि मॅच संपेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा.

गोलकी होता माझा मोठा भाऊ. अंगानं दांडगा, पहिलवानासारखा, आणि आवाज असा की मैदानावर ओरडला की पलीकडच्या रस्त्यावरचे टांगेवाले लगाम खेचत. आमच्या क्लबात खेळाडू म्हणावा असा तो एकटाच. बाकीच्यांनी करून ठेवलेलं तो निस्तरायचा.

आता घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मामांचं जबलपूरला कापडाचं दुकान. त्यांना मूलबाळ नाही. दादानं तिकडे येऊन दुकान सांभाळावं, कायमचं तिकडचंच व्हावं, असं दर दिवाळीला ते म्हणायचे. बाबांना ते पटलं होतं. दादा नाही म्हणत नव्हता, पण जातही नव्हता. एकदा बाबांनी फारच धरलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एक मॅच जिंकू द्या. बाहेरगावची, खरीखुरी. हरत हरत गेलो तं जन्मभर खटकन मले. एक मॅच जिंकलो की जातो."

बाबा म्हणाले, "बस्स? एकच ना? मग काय, या पोळ्याच्या आत जाशीन."

बिचारे बाबा! त्यांना आमचा क्लब माहीत नव्हता. पोळा आला, गेला, पुढचाही गेला. ज्या माणसानं जन्मात चेंडूला पाय लावला नाही, ते आमचे बाबा दर रविवारी ओट्यावर वाट बघत बसायला लागले. आम्ही गल्लीत शिरलो की लांबूनच विचारायचे, "का रे, जिंकले काय?"

"नाई बाबा."

"कावून?"

कावून! का हरलो, याचं आता काय उत्तर द्यायचं? आई आतून म्हणायची, "हरले तं हरले, हातपाय धुवा, भाकरी थंड होऊन राहिल्या."

फागुनात अकोल्याला टूर्नामेंट असायची. टीम बडनेऱ्याहून पॅसेंजरनं जायची. मी आणि माझा दोस्त सायकलनं. लोकांना वाटे आम्हाला वेड लागलं आहे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पण टीमसोबत गाडीत बसलं की मॅचच्या आधीच रडगाणं सुरू व्हायचं, अमक्याचा गुडघा, तमक्याचं पोट. त्यापेक्षा सायकल बरी. पहाटे निघालो की बडनेऱ्यापर्यंत गारवा, मग ऊन कोवळं, दोन्ही अंगांनी कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, आणि मधूनच एखादा पळस असा फुललेला की दोस्त ब्रेक लावून नुसता बघत राही. मी ओरडायचो, "चाल ना बे, पळस काय पळून राहिला काय?" मूर्तिजापूरला फाटक बंद. अरुंद रुळांवरची छोटी गाडी आपल्या मर्जीनं, डुलत डुलत यायची, आणि आम्ही फाटकाला टेकून ठेचा-भाकर उरकायचो. पुढे काटेपूर्णेच्या पात्रातलं टरबूज गुडघ्यावर फोडायचं आणि तोंड, हात, सदरा सगळं चिकट करून पुन्हा पायडल मारायचं. दुपारी वारा तोंडावर यायचा, मांड्या भरून यायच्या. इतकं करून अकोल्यात पोचायचं आणि काय बघायचं? आपली टीम हरताना! पण खरं सांगू, त्या रस्त्यासाठी मी दर रविवारी हरायला तयार होतो.

त्या वर्षी मात्र आम्हाला एक लॉटरी लागली. मोहल्ल्याच्या टोकाला एका साहेबांची पुण्याहून बदली झाली आणि त्यांचा मुलगा आमच्या क्लबात आला. बॅकला खेळायचा. काय खेळायचा, बाप्पा! चेंडू त्याच्या पायाशी पाळल्यासारखा. भानगड एकच, बोलायचा फार शुद्ध. मैदानातही "अहो, इकडे द्या ना" म्हणायचा. आमची पोरं अहो ऐकून लाजायची आणि चेंडू सोडून द्यायची. येऊन पंधरा दिवस झाले होते, त्यातले निम्मे तो आमच्या बोलण्याकडे तोंडाचा आ करून बघण्यात घालवत होता. आम्ही त्याला पुणेकर म्हणायचो.

अकोल्याला मॅच सुरू झाली. पुणेकर असल्यामुळे समोरच्यांना काही जमेना. दादाला गोलमध्ये नुसतं उभं राहावं लागत होतं, असं तर आयुष्यात झालं नव्हतं. मग हाफ टाइम जवळ आला असताना पुणेकरानं चेंडू अडवला आणि त्याच्या पाठीमागून त्यांचा सेंटर फॉरवर्ड धावत निघाला. दादानं पाहिलं. जीव खाऊन ओरडला, "मांगून येऊन राहिला! अबे, येऊन राहिला!"

पुणेकर जागचा हलला नाही. उलट चेंडूवर पाय ठेवून निवांत उभा राहिला. तो गडी मागून आला, पायाखालचा चेंडू काढून घेतला आणि गोल! दादाच्या डाव्या हाताखालून.

माझं डोकंच फिरलं. शिट्टी वाजताच मी मैदानात घुसलो. "दगड आहे काय बे तू? दादा इतका कोकलून राहिला अन् तू देवळातल्या नंदीसारखा उभा?"

पुणेकराचा चेहरा रडवेला झाला. "पण तेच तर म्हणाले ना! मागून येऊन राहिला. म्हणजे आला आणि तिथेच राहिला. थांबला. मग मी कशाला घाई करू?"

मग दादा जो हसत सुटला, तो खाली बसला. पोरं गडबडा लोळली. मला मात्र हसू येत नव्हतं. आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे येतो आहे, हे या गाढवाला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यापायी दादाची मॅच जायची वेळ आली होती!

दादानं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग तुमच्याकडं काय म्हंतात?"

"येतोय."

"येतोय," दादा म्हणाला. पुन्हा म्हणाला, "येतोय." लिंबाची फोड चोखत तो ते म्हणत बसला, पाठांतराला बसलेल्या पोरासारखा.

दुसऱ्या हाफमध्ये तोच प्रसंग. पुणेकराच्या पायात चेंडू, मागून तोच सेंटर फॉरवर्ड. दादानं छाती भरून घेतली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा गरजला, "येतोय! येतोय!"

पुणेकर वळला. पण खरी गंमत पुढे. त्या अकोल्याच्या पोराला वाटलं, हा डोंगराएवढा गोलकी स्वतःच येतो आहे, आपल्या अंगावर! तो जागच्या जागी थबकला, हात डोक्यावर धरले आणि दादाकडे बघायला लागला. दादा कुठला येतो, तो आपल्या जागी उभा. तेवढ्यात पुणेकरानं चेंडू पार पुढे धाडला आणि आमच्या पोरानं तो आत घातला. बरोबरी! मग शेवटी शेवटी एका कॉर्नरवर चेंडू आमच्या कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. कोणाच्या ते अजून ठरलेलं नाही, तिघंजण आपलाच गुडघा म्हणतात. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो.

मी नाचलो, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो. दादा खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, "पाणी आन थोडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, मी गाडीनं नाही येत, सायकलनं येतो. दोस्त त्याच्या जागी टीमसोबत गेला. वारा पाठीवर होता, नुसतं बसून राहिलं तरी सायकल पळाली असती, पण दादा जागोजाग उतरायचा. पात्रात बसला. फाटक उघडं असून छोटी गाडी येईपर्यंत थांबला. प्रत्येक पळसापाशी त्याचा ब्रेक. मी चिडलो. "चाल ना दादा, बाबा वाट पाहून राहिले असतील!" तो म्हणाला, "चालतो रे. पोचणारच आहोत."

गल्लीत शिरताना मी घंटी बडवायला सुरुवात केली. बाबा ओट्यावर होतेच.

"जिंकलो बाबा! जिंकलो!"

बाबा उठून उभे राहिले. आई दारात आली, हाताला पीठ तसंच. बाबांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कितीनं?"

"दोनास एक."

"म्हंजे एकाच गोलनं?" बाबा हळूच पुन्हा खाली बसले. "एका गोलनं काय जिंकनं झालं? हे काही खरं जिंकनं नोहे."

"नाही तं काय," आई लगेच म्हणाली. "चांगलं चार-पाचानं पायजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं घसा फोडून जे मागत होतो ते मिळालं होतं, आणि त्याच्याच पायी आता दादा घरातून जाणार होता.

"नाई बाबा," दादा म्हणाला. "जिंकलो आमी." त्यानं सायकल भिंतीला लावली, आत गेला आणि खुंटीवरची बाबांची टोपी घेऊन बाहेर आला. "तार ऑफिस बंद व्हाच्या आत मामाले कळवून या."