अभिमन सरपंचांचा दगड

एरंडोलपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात माझे काका, रुपचंद नाना, ऐंशी वर्षं जगले. त्यातली शेवटची तेरा ते सूड घ्यायला जगले, असं आमच्या द्रौपदाकाकूंचं मत.

नाना लढाईत ब्रह्मदेशात पूल बांधत आणि शत्रू जवळ आला की तेच पूल उडवत. फौजेतून सुटल्यावर ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाले. इथे फक्त बांधायचं असतं, याची त्यांना जरा चुटपुट होती. मिशीला रोज तूप, कमरेला पट्टा, आणि घरात चार मुली. त्यांच्यापुढे मात्र हा वाघ वेणीच्या रिबिनी धरून उभा राहायचा.

१९८५ साली गावाने नाल्यावर पूल बांधला. नाना निवृत्त होते. एक पैसा न घेता चार महिने ते उन्हात उभे राहिले. वाळू चाळून घेतली, गवंड्यांना रडवलं. उद्‌घाटनाच्या दिवशी सरपंच अभिमन आबांनी कोनशिलेवरचा पडदा ओढला. मोठ्या अक्षरात अभिमन आबा. खाली पंच, आबांचे मेहुणे आणि चक्क मंडपवाला!

"बठ्ठा शेतस," नाना सगळी नावं वाचून म्हणाले, "मनं नाव कोठे शे?"

"ऱ्हाई गयं नाना. दगड पुरना नही."

नाना हसले. गाव घाबरलं. पुढे महिनाभर लोक पुलावरून पळत जात होते, न जाणो, म्हाताऱ्याला ब्रह्मदेश आठवायचा!

नानांनी पुलाला बोटही लावलं नाही. त्यांनी फक्त कोनशिलेच्या चबुतऱ्यावर काठी ठोकून पाहिली होती. तो आबांच्या मेहुण्याने बांधला होता, म्हणजे त्यात सिमेंट नावापुरतंच. नाना ओट्यावर खुर्ची टाकून तीन पावसाळे वाट पाहत बसले.

अठ्ठ्याऐंशीच्या पुरात पूल तसूभर हलला नाही. चबुतरा मात्र दगडासकट गेला. आबा आठ दिवस नाला धुंडाळत होते. "तापीले लागना व्हई," नानांनी गंभीरपणे सांत्वन केलं. दगड तेव्हा नानांच्या परसात, बैलगाडीतून उतरवून कडब्याखाली झाकलेला होता.

पाणसळ लावून, पाणी निथळायला बोटभर उतार देऊन नानांनी तो हौदाजवळ बसवला. अक्षरं वर. आणि काकूंच्या हातात नवी मोगरी दिली.

मग दहा वर्षं अभिमन आबांच्या नावावर आमच्या घरचं धुणं बडवलं गेलं. चार मुलींची बाळंतपणं माहेरीच झाली. नऊ नातवंडांची दुपटी त्या नावावर स्वच्छ झाली. नाना खुर्चीतून हुकूम सोडत, "आजून दोन रट्टे!" काकू म्हणत, "कापड फाटीन ना!" "फाटू दे. मी नवं लई देसू."

अठ्ठ्याण्णवच्या माघात नाना गेले. स्मशानातून परतल्यावर म्हातारे अभिमन आबा पाय धुवायला परसात गेले आणि दगड पाहून थबकले. बोटांनी चाचपू लागले. मंडपवाला अजून वाचता येत होता. आबांच्या जागी नुसता गुळगुळीतपणा होता.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "वहिनी, मनी चूक व्हयनी. हाऊ दगड मी पुलवर लई जास. त्यावर नानानं नाव कोरस."

सगळे काकूंकडे पाहू लागले. तेरा वर्षं नाना ज्यासाठी जळले, ते दारात चालून आलं होतं. काकूंनी डोळे पुसले.

"त्यास्नं नाव कोरं," त्या म्हणाल्या, "तं मंग मी धुनं कसावर आपटू?"

आबांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या नावावर उभं राहून मुकाट्याने पाय धुतले.

सुतक फिटलं तेव्हा गोधड्यांचा ढीग साचला होता. काकूंनी पहिली गोधडी भिजवली, रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, आणि नानांच्या वाटचे दोन रट्टे आधी हाणले.